दाढ

तुओवी रायहालानं पहिला प्रबंध लिहिला
वैरणीवर.
सेनापतींच्या भाषणांवर नाही, नकाशातल्या बाणांवर नाही;
सरहद्दीपलीकडच्या छावण्यांनी एका शरदात
किती गवत विकत घेतलं, त्याच्या पावत्यांवर.
घोड्याला खोटं बोलता येत नाही, ती म्हणायची,
तहाच्या बोलण्यांतसुद्धा त्याला भूक लागते.

हेलसिंकीतले प्राध्यापक हसले.
मग चष्मे पुसून पुन्हा वाचू लागले
आणि तिला खोली दिली, तळघरात,
गरम पाण्याच्या नळाला खेटून,
जिथं हिवाळाभर कागद तडकायचे
आणि तिचे ओठही.

तिथं तो अहवाल सापडला.
मीठ विकणाऱ्या एका बाईनं
गोठलेलं सरोवर ओलांडून आणलेली खबर:
बर्फाची जाडी, तोफा किती,
आणि तारीख. अचूक तारीख.
समासात निळ्या पेन्सिलीनं: ‘पाहिले. आ. कु.’

पुढची तीन पानं कोरी.
मग जळलेल्या गावांची यादी, नीट टंकलेली.

अकरा वर्षं ती या दोन अक्षरांच्या मागं होती.
फितुरी शोधली, पैसा शोधला, दारू शोधली.
मित्र म्हणाले, यंत्रणेच्या अपयशावर लिही,
त्यावर परिषदा भरतात, विमानाचं तिकीट मिळतं.
तिनं तेही लिहिलं. पोट कुणाला सुटलंय!
मंत्रालयात सल्लागार झाली, कर्नलांना शिकवलं,
एखाद्यानं जांभई दिली की
त्याच्या उघड्या तोंडाकडं बघत राहायची.

शेवटी मिक्केलीतल्या एका दंतवैद्याची वही,
लवंगतेलानं पिवळी पडलेली:
कॅप्टन आर्मास कुइत्तिनेन, खालची उजवी दाढ, गळू.
काढली नाही. घाबरला. उद्या येतो म्हणाला.
वार मंगळवार.
अहवालावरही मंगळवार.

निबंध साभार परत आला.
परीक्षकाचा शेरा: ‘कारण पुरेसं मोठं नाही.’

निवृत्तीच्या भाषणात तिनं हे सगळं सांगितलं,
बोलताना दोनदा स्वतःचा जबडा चाचपला.
मी तिसऱ्या रांगेत होतो. विचारलं,
मग धडा काय, मॅडम?

ती बराच वेळ नळाचा आवाज ऐकत उभी राहिली.
म्हणाली, अकरा वर्षं मी
ज्यानं वाचलं नाही त्याला शोधलं.
जिनं आणलं, तिचं नाव अहवालात नाही.

आता उन्हाळ्यात ती चर्चच्या नोंदवह्या उलटते,
सरोवराकाठच्या एकेका गावात, सायकलवरून.
हाती एवढंच आहे, चौकीच्या शिक्क्याखालचं,
आपल्याच चौकीच्या:
मीठ, चार किलो. जप्त.