चौदा लिटर

रात्रभर उभी होती, तेव्हा कुठे हाताला गार लागली.
भाऊ म्हणाले, अजून थांब.
त्यांच्या डाव्या हातावर मनगटापासून कोपरापर्यंत
कसाऱ्याच्या वाफेची सही आहे,
झाकणाच्या बाबतीत ते घाई करत नाहीत.

आडगावात आमच्या दारासमोर ट्रक लागला
की सांगळेकाकूंच्या कुरडयांवर सावली पडते.
आज त्या काही बोलल्या नाहीत,
फक्त खाट चार हात सरकवली.

मी पोतं अंथरून खाली शिरले.
आईचा कपडे भिजवायचा टब, न विचारता घेतलेला.
पितळी कॉक, अकरा वर्षं कुणी फिरवला नव्हता.
आधी डिझेलचे चार थेंब, मग पाना,
मग पान्यावर पाइप,
मग आयटीआयच्या सरांनी शिकवलेलं सगळं,
आणि शेवटी भाऊंकडून शिकलेली एक शिवी.
हलला.

धार नाही. नुसता थेंब. थेंब.
"वरचं उघडा!" मी खालून ओरडले.
वरून हवा आत गेल्याशिवाय
खालून काही सुटत नाही.
त्यांनी फडकं टाकून झाकण एक आटा सैल केलं
आणि टबात भडभडून उतरलं,
हिरवं नाही.
हिरवं पुस्तकात असतं.
हे तांबूस, गाळाचं,
दुसऱ्यांदा उकळलेल्या चहासारखं.

"किती वर्षं नुसतं पाणीच घालताय?"

मला त्यांचे फक्त पाय दिसत होते.
पाय जरा वेळ गप्प राहिले.
मग म्हणाले,
चांदवडच्या टाकीतलं आसंल.
घोटीच्या हॉटेलातलं, गिलास इसळायच्या पिपातलं.
एकदा इगतपुरीला धुक्यात नळच घावंना,
तर क्लीनरनं प्यायला ठेवलेल्या दोन बाटल्या.
धुळ्याच्या अलीकडं एका बाईनं कळशी दिली व्हती.
ती परत द्यायची राह्यली.

गल्लीतलं कुत्रं, ज्याला सगळे टायर म्हणतात,
टबाजवळ येऊन हुंगायला लागलं.
जुनं कूलंट थोडं तरी शिल्लक असणार त्यात,
गोड लागतं म्हणतात, आणि चाटलं तर मरतं.
मी त्याला खडा मारला.
पोळी टाकणारा हात ओळखून
ते लांब जाऊन बघत बसलं.

ऑइलच्या रिकाम्या कॅनांनी मोजलं.
दोन कॅन, आणि तिसऱ्यात बोटभर.
दहाच्या वर जरासंच.
"झालं की," भाऊ म्हणाले, "निथळली."
"चौदा बसतं यात."
"मग कुठं गेलं?"

इंजिनाच्या कुशीत, चिखलाच्या थराखाली
अजून एक बूच असतं.
मी सतराचा पाना लावला,
आणि तिथून निघालं ते काळपट, जड,
माझ्या बाहीतून बगलेपर्यंत.

भाऊ खाली वाकले, गुडघ्यावर हात ठेवून.
सव्वीस वर्षं ड्रायव्हर.
"हितून पण निघतं?"
असं विचारलं, जसं कुणी
स्वतःच्या घरात नवीन खोली सापडल्यावर विचारेल.

टब उचलून ते गटारीकडे निघाले.
सगळेच ओततात.
मी आडवी झाले. बोलले नाही, नुसती आडवी झाले.
तीन कॅन भरले, खडूनं "विष" लिहिलं,
आणि जिन्याखाली ठेवले.
रईसभाईंना विचारलं, हे न्यायचं कुठं,
तर ते इतके हसले की त्यांना ठसका लागला.
अजून तिथंच आहेत.
आईनं टब तीनदा घासला
आणि मग म्हणाली, राहू दे, नवा आणा.

तीन वेळा साधं पाणी फिरवलं, नितळ येईपर्यंत.
मग निम्मं कूलंट, निम्मं बॅटरीचं पाणी,
कच्च्या कैरीच्या सालीसारखं हिरवं.
झाकण उघडं ठेवून गाडी चालू केली.
बुडबुडे वर यायचे, फुटायचे,
पातळी एकदम खाली जायची,
जणू आत कुणीतरी घोट घेतला.

भाऊ चेहरा लांब धरून, डावा हात पाठीमागे लपवून,
त्या भोकात डोकावत होते.
मी कॅन तिरका धरला.
"बास?"
"थांब," ते म्हणाले,
"अजून घेतीये."