नववा हंस

देवळाच्या कलत्या खांबावरून
कोळशानं कागदावर उठवून आणली मी ती ओळ.
नऊ हंस. नवव्याची चोच फुटलेली.

म्हसवडात येसू सनगर
मागाच्या खड्ड्यात पाय सोडून बसलेला.
कागद आधी उलटा धरला, मग सुलटा.
"मान लई वळतीया. लोकर अशी वळत न्हाई."

मग चौकटीच्या वहीत
पायरी-पायरीनं उतरवली आम्ही मान.
पहिला हंस कोंबडी झाला.
दुसरा, हौसाकाकी म्हणाली, तांब्या.
उकललं. धोटा पुन्हा मागं.
खोलीभर चिंचोक्याच्या खळीचा वास,
आणि कुणीच बोलत नव्हतं.

संक्रांतीच्या सुमाराला ओळ चालू लागली,
काळ्या घोंगडीवर पांढरी, काठाकाठानं,
सातशे वर्षांनी खांबावरून खाली.

नवव्यापाशी हात थांबला.
"ह्याच्या चोचीत काय हुतं?"
कमळाचा देठ असावा, मी म्हणालो. बहुतेक.
"माणात कुठलं कमळ!"

हळदीत बुडवलेला एक धागा खोवून
त्यानं हंसाला ज्वारीचं कणीस दिलं.
चोच मात्र फुटकीच ठेवली.
कणीस कशात धरलंय
ते पांघरणाऱ्यानं बघावं.