ओव्हन लहान आहे

शनिवारीच काढला फ्रीझरमधून.
पंधरा पौंडांचा टर्की, निव्वळ धोंडा.
खालच्या कप्प्यात ट्रेमध्ये ठेवला आणि विसरून गेले.
पहिली युक्ती हीच, विसरणं.
मागच्या वर्षी गुरुवारी पहाटे चारला
मी बाथटबात गार पाणी सोडून
त्याच्या उशाशी बसले होते,
तापाने फणफणलेल्या पोराजवळ बसावं तशी,
तरी पोटात बर्फ निघालाच.

मंगळवारी रात्री ड्यूटीवरून आले.
बाहेर बटाट्याची रिकामी शेतं पांढरी होत चाललेली.
मोठी कात्री घेतली,
कण्याच्या एका कडेने वर गेले, दुसऱ्या कडेने खाली आले.
कडाकड आवाज येतो. दोनदा दचकलात की तिसऱ्यांदा नाही.
तंगड्या वेगळ्या, छाती वेगळी, पंख वेगळे.
कणा पातेल्यात, सोबत गाजर, सेलरीचे देठ, कांद्याची दोन शकलं.
रसा आजच आटून जाऊ दे,
म्हणजे गुरुवारी पाहुण्यांदेखत
गुठळ्या मोडत उभं राहायला नको.

ड्वाइट दारात थांबला.
"हे काय, आख्खा नाही भाजायचा?"
"ओव्हन लहान आहे," मी म्हटलं.
एकोणीस वर्षं तोच ओव्हन.
त्याने ओव्हनकडे पाहिलं, मग माझ्याकडे,
आणि ओटा पुसायला फडकं आणलं.

मग मीठ.
चोळायचं नाही, नुसतं उंचावरून भुरभुरायचं,
आणि उघडंच ठेवायचं दोन रात्री.
मीठ आधी पाणी काढतं, घाबरवतं,
मग तेच पाणी घेऊन परत आत शिरतं.
आपण मध्ये बोट घालायचं नाही.

बुधवारी सासूबाईंचा फोन.
तुकडे? ताटात तुकडे?
मग सण कशाला म्हणायचं त्याला?
विनिफ्रेडना मी पुन्हा ओव्हनचंच सांगितलं.
पलीकडे बराच वेळ नुसता श्वास.
मग म्हणाल्या, "बरं. मी स्क्वॉश आणते."

त्यांनाही आठवत असणार.
मागच्या वर्षीचं टेबल, अकरा माणसं,
ऑरिन उभे, चाळीस वर्षांसारखेच उभे,
आणि चाकूचं टोक कातडीवर नुसतं थरथरतंय,
टिकटिक, टिकटिक, बशीच्या कडेवर.
कुणी बोललं नाही.
सगळ्यांनी एकदम बटाट्यांची वाहवा सुरू केली.
टेसाने विचारलं, "आजोबांना थंडी वाजते का?"

गुरुवारी सव्वा तासात झालं सगळं.
तंगड्या खालच्या जाळीवर, छाती वरच्या,
थर्मामीटरची सुई टोचली, आकडा पाहिला,
काढलं, झाकलं, खुर्ची ओढून बसले.
भर सणाला, दुपारी दोन वाजता, मी बसले होते.
कॉफी गरम असताना प्यायले.

ऑरिन आले. बुटांचा बर्फ झटकला.
काखेत फ्लॅनेलच्या फडक्यात गुंडाळलेला तोच चाकू.
मी परात आणून मध्ये ठेवली,
कापलेली, रचलेली, वाफाळणारी.
ते बघत राहिले. विनिफ्रेड रुमालाची घडी घालत राहिल्या,
घातलेलीच घडी.
"ओव्हन लहान आहे म्हणे," ते म्हणाले.
"फारच," ड्वाइट म्हणाला.
ऑरिन खाली बसले,
आणि सरळ हाताने एक तंगडी उचलली.
दोन्ही हातांनी धरली की हात स्थिर राहतात,
हे मला तेव्हा कळलं.

चाकू फ्रिजवरच राहिला.
शुक्रवारी सकाळी, सँडविचसाठी, मी फडकं सोडलं.
दरवर्षी हा चाकू
कागद कापेल असा परजून आणत ते.
यंदा धार नव्हती.
कडेला मागच्या वर्षीचा, वाळलेला,
सेजच्या पानाचा एक तुकडा चिकटलेला होता.

मी तो धुतला, पुसला,
पुन्हा तसाच गुंडाळून ठेवला.
पाव मोडला हातानेच.