कंस

कोथरूडला, चष्म्याच्या दुकानावरच्या खोलीत
दर दुसऱ्या शनिवारी मी लिस्प शिकवतो.
फुकट. चहा माझा.
जिन्यात चिकटवलेल्या कागदावर
कुणीतरी पेनाने लिहून गेलंय:
इतके कंस! आणि कृष्ण कुठाय?

हसलो. कागद काढला नाही.

समोरच्या इमारतीत सहा आठवड्यांत एआय.
रांग पार पोळी-भाजी केंद्रापर्यंत.
तिथे म्हणे नुसतं बोललं की यंत्रच कोड लिहून देतं.
देतं. मी पाहिलंय. बरं लिहितं.

माझ्याकडे सात खुर्च्या,
पंख्याखाली डुलकी घेणारे टेल्कोतले निवृत्त गोडबोले,
आणि आज, हिंजवडीहून दोन बस बदलून आलेली
रुक्साना मुजावर.

याने नोकरी मिळेल, सर?
नाही.
मग?

मग मी खडू घेतला.
आतला कंस आधी सुटतो, म्हटलं,
मग त्याच्या बाहेरचा, मग त्याच्याही.
सव्वीस वर्षं मी सगळं
बाहेरूनच ओढत बसलो होतो,
हे काही तिला सांगितलं नाही.

ती फळ्यापाशी आली.
बोटाने मोजत, ओठ हलवत,
दोनदा चुकून पुन्हा पहिल्यापासून.
एक उघडा राहिलाय, म्हणाली.
तुमचाच.

गोडबोले जागे झाले, कुठला, कुठला करत.
खडू तिच्या हातात देऊन
मी चहा सांगायला उतरलो,
आणि जिन्यातल्या त्या प्रश्नाखाली
पेन्सिलीने लिहिलं:
वाटेत आहे.
दोन बस बदलाव्या लागतात.