दोन ठिगळं

मागच्या खोलीच्या भिंतीवर छोटेलालनं
दोन ठिगळं लावून ठेवलीत, हातभर अंतरावर.
कार्डावर त्यांचे आकडे आहेत, शेवटचा तेवढा वेगळा.
मी एकाला मोरपंखी म्हणते.
दुसऱ्यालाही मोरपंखीच म्हणते, पण जरा थांबून.

"माताजी, दोनों एक ही हैं," छोटेलाल म्हणतो,
"सूखने दो, फिर देखना."
वाळली. दुपारी लष्करातलं ऊन आत आलं
आणि डावं निळ्याकडे सरकलं, उजवं हिरव्याकडे.
चारला शेजारच्यांच्या टाकीची सावली पडली
आणि पुन्हा दोन्ही जुळी,
आईलासुद्धा न ओळखू येणारी.

घरात रंग कळणारा माणूस एकच.
ह्यांनी बत्तीस वर्षं बिर्लानगरच्या मिलमध्ये
रंगखात्यात काढली. तागा उत्तरेच्या खिडकीशी नेऊन
चिमटीत धरायचे, म्हणायचे, "निळा अर्धा तोळा कमी,"
आणि डाईंग मास्तर मुकाट्यानं वाढवायचा.
लग्नात आलेल्या एका साडीला मी हिरवी म्हटलं होतं,
तर दोन दिवस जेवताना तोच विषय.

पण सध्या त्यांचा एकच डोळा नवा आहे.
एका मोतीबिंदूला दहा दिवस झाले,
दुसऱ्याची तारीख पुढच्या महिन्यातली.

खुर्ची ओढून भिंतीसमोर बसले.
नवा डोळा झाकला, पाहिलं.
जुना झाकला, पाहिलं.
पुन्हा तेच. थेंब घालायची वेळ टळून गेली.
मग म्हणाले,
"जुन्या डोळ्यानं हे डावं जसं दिसतं ना,
नव्यानं ते उजवं अगदी तस्संच दिसतं."
"मग लावायचं कुठलं?"
ते भिंतीशीच बोलले,
"शेवटच्या वर्षांत मिलमध्ये मी काय काय पास केलं असेल,
कुणास ठाऊक."

कुठे कुठे गेले असतील ते तागे.
कुणाचे परकर झाले, कुणाचे पडदे,
कुणी तक्रार केली नाही.

मग नव्या डोळ्यानं माझ्याकडे पाहिलं,
बराच वेळ, खिडकीशी नेलेल्या ताग्यासारखं.
"तुझे केस एवढे पांढरे?
मला वाटायचं, अजून जरा तांबूस आहेत."
"मेंदी सोडून चार वर्षं झाली," मी म्हटलं,
आणि उठून, चष्म्याच्या वरूनच,
तो नवा डोळा तळव्यानं झाकला.
"आता बघा."

शिडीवरून छोटेलाल केव्हाचा विचारतोय,
"कौन सा डिब्बा खोलूँ?"