तीस मिली

अफसाना मुल्ला विद्यापीठातून आली
होटगीच्या पुढं, शेवटची एसटी जिथं वळते तिथपर्यंत.
पाठीवर सॅक, सॅकमध्ये खुरपं
आणि झिपच्या चाळीस पिशव्या, आधीच नंबर टाकलेल्या.
म्हणाली, काका, जुनी उपचार नोंदवही आहे का?

होती. दवाखान्याच्या माळ्यावर,
बंद पडलेल्या फ्रीजच्या झाकणाखाली.
वाळवीनं फक्त समास खाल्ला होता.
एकोणीसशे शहाण्णव ते दोन हजार पाच.
अक्षर माझं. तेव्हा वेलांट्या मन लावून काढायचो.

बसवंत कोळी, खिलार बैल, मागचा उजवा पाय, सूज.
चंदाबाई म्हेत्रे, म्हैस, कास दगड.
रेवप्पा पुजारी, गाय, म्हातारी, उठत नाही.
उपचाराच्या रकान्यात तेच एक नाव,
पुढं पुढं तर नुसतं ‘वरीलप्रमाणे’.

खरं सांगतो, मला त्या औषधाचा गर्व होता.
संध्याकाळी लंगडणारा बैल सकाळी उभा.
लोक नारळ द्यायचे.
रेवप्पाची गाय मात्र दुसऱ्या दिवशी गेली,
पण कण्हली नाही.
हाडोळ्यावर ओढताना दोरीला माझाही हात होता.
इठोबा ऐवळ्यानं कातडं सोडवलं,
बाजूला झाला,
आणि वरून ती उतरली,
ओलं धोतर झटकावं तसे पंख झटकत.
अर्ध्या तासात फासळ्या उघड्या.
आम्ही तंबाखू मळत बघत होतो.

इठोबाच पहिल्यांदा म्हणाला,
सायेब, बाभळीवर दोन बसल्यात, मान खाली टाकून.
म्हटलं, म्हातारी असतील.
पुढच्या आठवड्यात अकरा म्हातारी झाली.

मग वास.
मग कुत्री. हाडोळ्यावरच जन्मलेली,
कुणाच्या दाराची नाहीत, कुणाच्या हाकेची नाहीत.

अफसाना पंधरा सेंटीमीटर खणते, मग तीस.
पिशवीतली हवा दाबून काढते.
मातीत काय आहे ते मशीन सांगेल, म्हणते,
काय नाही ते तुम्ही सांगा.

काय नाही?
पांढरी पडलेली ती बाभळ नाही.
एक पीस नाही.
इठोबा नाही, आणि त्याचा पोरगा
चाकणला गाड्यांचे आरसे बसवतो.

दुपारी ग्रामपंचायतीत दुसरी वही.
मृत्यूचे कारण: ताप. ताप. अज्ञात. ताप.
पान उलटताना तिचं बोट थांबलं,
माझा श्वास आधीच थांबला होता.
सिद्धाराम रेवप्पा पुजारी, वय नऊ.
कुत्रे चावून.

जखमेवर मिरची भरली होती घरच्यांनी.
दीड महिन्यानं पोर
पाण्याचा तांब्या बघून किंचाळायला लागलं.
मी गेलो होतो बघायला. बॅग घेऊन गेलो होतो.
बॅगेत जनावरांचीच औषधं.

एका घरातले दोघं, दोन वह्यांत.
ती घाईघाईनं म्हणाली, काका, याला नुसता संबंध म्हणतात,
कारण नाही म्हणत.
एका गावावरून काहीच सिद्ध होत नाही.
पोरगी चांगली आहे.

डोस किती द्यायचा?
मोठ्या जनावराला पंधरा मिली.
बाटली माणसांची, तीसची. एका बाटलीत दोन बैल.
तिनं लिहून घेतलं. खाली माझी सही,
वेलांटीसकट तीच.

रात्री फोन. सिद्राम बिराजदाराची म्हैस बसली.
मोबाईलच्या उजेडात लेबल दोनदा वाचतो.
हे नवं आहे, सांगतो, पक्ष्यांना चालतं.
कुठले पक्षी, ते तो विचारत नाही.
म्हशीच्या पाठीवर हात फिरवत म्हणतो,
सायेब, आधीचं भारी होतं बघा.
सकाळी उभं राहायचं जनावर.

होय, म्हटलं.
राहायचं.