मुरूम लागेपर्यंत

नदीच्या अलीकडे गल्ल्यांना नुसते आकडे होते.
आमची चौथी. भिला टेलरची पाचवी.
धुळ्याच्या स्टेशनावर उतरून आकडा सांगितला
की टांगेवाल्याआधी घोडाच वळायचा.

मग अठ्ठ्याहत्तर साली मास्तरांनी सोसायटी काढली,
पांझरेपलीकडे, देवपूरच्याही पुढे,
जिथे कपाशी होती
आणि दिवेलागणीनंतर कुणीच नव्हतं.
अण्णांनी तीन हप्ते भरले, घरी आणला
एक निळा कागद.
त्यावर चौकोन, चौकोनांत आकडे,
मधल्या मोकळ्या जागी लिहिलेलं: बगीचा.
आई रात्री कंदिलाशी बसून
बोटाने शोधत राहिली
अठरामधलं आपलं स्वयंपाकघर.

उखा आप्पांनी शेत विकलं ते हसतखेळत.
ट्रॅक्टर घेतला, धाकटीला शिरपूरला दिली.
फक्की मारायच्या दिवशी मुद्दाम आले,
पांढऱ्या रेघेवर उभे राहून म्हणाले,
'आठे हिर व्हती.'
ओव्हरसिअरने कागद पाहिला.
कागदावर विहीर नव्हती.

काळी माती घर धरत नाही.
उन्हाळ्यात आ वासते, पावसात फुगते,
म्हणून खणायचं ते मुरूम लागेपर्यंत.
खुमसिंग पावरा खाली, रेलीबाई वर.
सात फुटांवर सगळ्यांचा मुरूम लागला.
अठरामध्ये बाराव्यालाही काळीच.
मास्तर, अजून?
अजून.
पंधराव्याला टिकाव वेगळा वाजला.
घडीव दगड, त्याला गोलाई.
अण्णांनी चष्मा पुसला, खाली पाहिलं,
आणि पाया भरून घेतला.
हप्ता थांबणार नव्हता.

तेव्हापासून आमच्या फरशीला घाम येतो.
देव्हाऱ्यापासून न्हाणीपर्यंत एक भेग जाते,
दिवाळीला आई सिमेंट भरायची,
मे महिन्यात ती आपली वाट पुन्हा काढायची.
बगीच्यात मंदिर झालं, मंदिराला गाळे,
गाळ्यांत झेरॉक्स, मोबाईल, साबुदाणा वडा.
कॉलनीला कमान आली. कमानीवर नाव.
नाव दोनदा बदललं.

आता बिल्डरचा माणूस येतो, विचारतो,
काका, पाया किती खोल?
अण्णा नाहीत. सोसायटीचं दप्तर वाळवीने खाल्लं.
निळा कागद तेवढा उरलाय, घड्यांवर फाटलेला.
त्याच्या कोपऱ्यात, नाल्याच्या अंगाला,
नकाशा काढणाऱ्याने एक बाण काढून
लिहिलंय: उत्तर.
खुमसिंगची झोपडी बरोबर त्या बाणाखाली होती.
तिथे आता दोनशे पत्रे,
पत्र्यांवर मोजणीवाल्यांनी खडूने टाकलेले आकडे.

गेलो विचारत.
रेलीबाईला हल्ली दिसत नाही.
नाव सांगितलं, तिला कळलं नाही.
कमानीवरचं सांगितलं, तेही नाही.
मग नुसतं म्हटलं, अठरा.
तिने तोंड माझ्याकडे वळवलं,
हातातली तपकिरीची डबी मिटली,
आणि म्हणाली,
फरशी अजून ओली होते का रे?